उपराष्ट्राध्यक्षांच्या जागी आमचे हे

माझ्या नवऱ्याने आजवर तीनदा उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि तिन्ही वेळा शपथेच्या जागी एकोणतिसाचा पाढा म्हटला. थट्टा करत नाही. उजवा हात खांद्याच्या वर, छाती पुढे, नजर समोरच्या झेंड्यावर, आणि तोंडाने "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न". पगार कारकुनाचा.

आमचे हे राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत, समारंभ विभागात आहेत. कुठलाही सोहळा असला की आधी त्याची तालीम होते. दिवे कुठून पाडायचे, माइक किती वर घ्यायचा, गालिचा कुठे संपवायचा, बँडने कधी गप्प बसायचं, हे सगळं आधी बघून ठेवावं लागतं. मोठ्या माणसांना तालमीला वेळ नसतो. त्यांना झोपायचं असतं, एकमेकांचे पाय ओढायचे असतात. म्हणून त्यांच्या उंचीचा एकेक कर्मचारी त्यांच्या जागी उभा करतात. राष्ट्राध्यक्षांच्या जागी दारावरचा एक दणकट रखवालदार असतो. उपराष्ट्राध्यक्षांच्या जागी हे, कारण हे ताडमाड उंच आहेत आणि आमच्या देशाला लागोपाठ तीन उपराष्ट्राध्यक्ष उंच मिळाले. उंची बघूनच नेमत असावेत. डोक्याची अट असल्याचं निदान मला तरी कधी दिसलं नाही.

पाढ्याचं कारण असं की शपथेचे खरे शब्द तालमीत उच्चारायचे नाहीत, असा तिथला नियम आहे. उद्या एखाद्या रिकामटेकड्या वकिलाने उठून म्हटलं, की कायद्याने हा कारकूनच खरा उपराष्ट्राध्यक्ष, तर निस्तरणार कोण? म्हणून पहिल्या तालमीत यांना सांगितलं, शपथेएवढं लांब काहीही म्हणा. यांना तोंडपाठ एवढंच होतं. तेव्हापासून ती रीतच पडली. माइकवाला आता एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीला आवाज बसवतो.

उपराष्ट्राध्यक्ष म्हणजे तरी काय हो? राष्ट्राध्यक्षाला कधी शिंक येते याची वाट बघत बसलेला माणूस. गाडीची स्टेपनी. आणि आमचे हे त्या स्टेपनीची स्टेपनी. पण हे यांना कुणी सांगावं? शेजारपाजारच्यांनी यांना 'उपसाहेब' म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेने, आणि यांनी ती पदवी अंगाला लावून घेतली. कोपऱ्यावरचा किराणावाला यांना बघितलं की विचारायचा, "काय उपसाहेब, काय म्हणतोय देश?" हे खरोखर थांबून उत्तर द्यायचे.

लग्न ठरण्याआधी मला भेटायला आले होते तेव्हा दारातून वाकून आत आले. मला वाटलं, किती नम्र माणूस. नंतर लक्षात आलं, आमचं दार ठेंगणं होतं.

मी घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करते. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, पोट सुटलेल्यांचे कोट उसवून ढिले करायचे. यांचा काळा कोटही माझ्याच हातचा. मूळचा तो एका मेलेल्या वकिलाचा. त्याच्या बायकोने बाकीच्या कपड्यांबरोबर माझ्याकडे आणून टाकला होता, मी खांदे उतरवून यांना बसवला. त्या कोटात हे शिरले की घरातल्या कुणाला ओळख देत नसत. चहा झालाय म्हटलं तर मान अर्धी वळवून डोळे मिटायचे, म्हणजे आभार. मी चहा तिथेच ठेवून मशीनवर बसायची. गार चहा प्यायला उपराष्ट्राध्यक्षही येतो, कोट काढून.

आम्हाला एकच मुलगी. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. शांत पोर, माझी जीभ तिने घेतली नाही. लहानपणी हिला शाळेत धावण्याचं बक्षीस मिळालं तेव्हा हे कुठल्याशा परदेशी पाहुण्याच्या स्वागताच्या तालमीला. ती नाटकात राणी झाली तेव्हा हे एका पुलाच्या उद्घाटनाच्या तालमीला. तो पूल पुढे खचला, ती गोष्ट वेगळी. हिला ताप चढून दवाखान्यात नेलं तेव्हा हे विमानतळावर, न आलेल्या कुणाशी तरी हस्तांदोलन करत होते. प्रत्येक वेळी पोर म्हणायची, "असू दे आई, बाबांचं काम आहे." लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला घरच्यांनीच पीठ मळून द्यावं, तशातली गत.

तिने स्वतःच मुलगा शोधला. जहाजावर इंजिनाचं काम करणारा, हाताला कायम तेलाचा वास, बोलायला कमी. त्याला आईबाप नाहीत, एक मोठी बहीण आहे. लग्न नोंदणी कचेरीत करायचं ठरलं. वधूकडचे दोन साक्षीदार आणि वराकडचे दोन. आमच्या बाजूने मी आणि हे, त्याच्या बाजूने बहीण आणि एक मित्र. बाकी लोकांना संध्याकाळी जेवायला बोलवायचं, एवढंच.

तारीख ठरवायच्या दिवशी मुलीने यांना समोर बसवलं. तिने आयुष्यात यांच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मागितलं.

"बाबा, सही तर कुणीही करेल. पण तुम्ही माझ्या शेजारी उभे असायला हवेत. एवढंच मागते."

"अगं, म्हणजे काय! असणारच."

"नुसतं असणारच म्हणू नका. माझ्या लग्नाची तालीम नाही होणार. एकदाच आहे ते."

हे हसले. मला नाही हसू आलं.

आणि त्याच आठवड्यात आमचे उपराष्ट्राध्यक्ष पळाले. पळाले असं कुणी छापलं नाही. मुदत निम्मी शिल्लक असताना तब्येतीच्या कारणावरून राजीनामा दिला, असं छापलं. मेव्हण्याला बंदराचं कंत्राट देताना ज्या तब्येतीला काही झालं नव्हतं, ती चौकशीचं नाव निघाल्याबरोबर ढासळली. पुढच्याच रविवारी हा आजारी माणूस टेनिस खेळताना फोटोत दिसला. चेंडूमागे असा धावत होता की आमच्या किराणावाल्याने तो फोटो दुकानात चिकटवला आणि खाली लिहिलं, 'लवकर बरे व्हा'.

या माणसाच्या जागी यांनी शपथेची तालीम केली होती. यांना वाईट वाटायला हवं होतं, नाही? काडीचं नाही. आदल्या दिवशीपर्यंत "आमचे साहेब, आमचे साहेब" चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मला पहिल्यापासूनच त्याच्या उभं राहण्यात दोष दिसत होता. वजन एकाच पायावर टाकायचा."

मग हे किराणावाल्याला कायदा समजावायला गेले. मी तिथे साबण घ्यायला उभी होते.

"निवडणूक नाही होत मध्येच," हे सांगत होते. "राष्ट्राध्यक्ष नाव सुचवणार. दोन्ही सभागृहं त्यावर मत देणार. दोन्हीकडे बहुमत झालं, की शपथ."

"आणि तोवर ती खुर्ची?"

"तोवर रिकामी."

"मग कारभार कसा चालायचा उपसाहेब?"

यांनी कॉलर नीट केली. "तोवर आम्ही आहोतच ना."

किराणावाला पोत्यामागे जाऊन हसला. मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं, कारण या माणसाने ते गमतीने म्हटलं नव्हतं.

तिथून जे सुरू झालं त्याला मी नाव देऊ शकत नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना खालून कुणी हाक मारली, तर हे हात वर करून हळूच हलवायचे, दुसऱ्या हातात ओला टॉवेल. टॅक्सीत मागच्या सीटवर बसून दार कुणीतरी उघडेल म्हणून थांबायचे. टॅक्सीवाला शेवटी म्हणायचा, "काका, हँडल अडकलंय का?" जेवताना म्हणायचे, "या पदाचं ओझं लोकांना कळत नाही." मी म्हटलं, "तुमच्या ताटातली भाजी तेवढी संपवा, तेवढं ओझं माझं कमी होईल." पालथ्या घड्यावर पाणी. नाकापेक्षा मोती जड झालेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण यांच्या नाकात मोती नव्हताच, नुसतं भोक होतं.

राष्ट्राध्यक्षांनी पहिलं नाव सुचवलं ते एका निवृत्त सेनापतीचं. माणूस उंच. घरात आनंदीआनंद. हे आरशापुढे हात पाठीमागे बांधून उभं राहायला शिकले. तालमीचा दिवस ठरला तो नेमका मुलीच्या लग्नाच्या तारखेचा. हे रात्रभर कुशीवर वळत राहिले, आणि सकाळी पोरीनेच विषय काढला. "आम्ही पुढची तारीख घेतो बाबा." यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देश तुझा आभारी आहे." मी हातातला चमचा टेबलावर आपटला. एवढंच केलं, बाकी मूग गिळून बसले, कारण पोरीने डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं.

सेनापतीला सभागृहांनी पाडलं. त्याने जिंकलेली लढाई दुसऱ्याच कुणीतरी जिंकली होती, असं निघालं. तालीम रद्द, लग्नाची तारीख मात्र गेलेली. दुसरं नाव आलं एका बँकवाल्याचं. त्याने दोन दिवस हारतुरे घेतले आणि वर्तमानपत्रांनी त्याच्या घरांची मोजदाद सुरू केल्याबरोबर स्वतःच माघार घेतली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रुसून गावाबाहेरच्या बंगल्यात जाऊन बसले. सभागृहांत एकमेकांवर पाण्याचे पेले फेकले गेले. सगळा देश एका अशा माणसासाठी अडून बसला होता, ज्याला काही कामच नसतं.

इकडे जावयाच्या जहाजाची तारीख आली. रविवारी निघायचं, मग कितीतरी महिने पाण्यावर. नोंदणी कचेरीने त्याच्या आधीचा एकच दिवस मोकळा दिला, शुक्रवार. आता हलवायला जागाच नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. नव्या उपराष्ट्राध्यक्षांचं नाव दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. कुणाचंच ज्यांच्याशी भांडण नव्हतं अशा एक बाई, पूर्वी शाळाखात्यात होत्या. बहुधा त्यांचं नावच कुणाला आठवत नसावं, म्हणून विरोध झाला नाही. शपथ शुक्रवारी दुपारी. म्हणजे तालीम शुक्रवारी सकाळी.

टीव्हीवर बाई टेबलामागे बसून बोलत होत्या. हे पडद्याला नाक लावून बघत होते.

"उंच असणार," हे म्हणाले. "मान बघ कशी आहे."

"अहो, उशी घेऊन बसल्यात त्या," मी म्हटलं. "टेबल छातीशी आलंय, दिसत नाही? माझ्या खांद्याला लागेल ही बाई. तुमचं तिथे काय काम?"

"पद उंच असतं. माणसाचं काय घेऊन बसलीस."

मुलगी दुसऱ्या दिवशीच्या ब्लाउजला हुक लावत बसली होती. तिने सुई खाली ठेवली.

"बाबा, उद्या जाऊ नका."

"अगं, तासाभराचं काम. सकाळी लवकर असते तालीम. तुझं जेवणाच्या आधी आहे. मधे वेळच वेळ."

"रजा टाका ना."

"अशा दिवशी? इतके आठवडे देशाची जागा रिकामी पडलीये, आणि ज्या दिवशी ती भरायची त्या दिवशी मी घरी बसू?"

"माझ्या शेजारची जागाही रिकामी राहील, बाबा."

यांनी उजवा हात खांद्याच्या वर नेला. सवयच ती. "शब्द देतो. तुझ्या आधी मी तिथे उभा असेन."

पोरीने त्या हाताकडे बघितलं आणि मान डोलावली. त्या हाताने आजवर काय काय शपथा घेतल्या होत्या ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "एकोणतीस एके एकोणतीस." यांना राग आला. मला बरं वाटलं.

सकाळी उठून पाहते तर हे काळा कोट घालून गेलेले.

तिथे काय घडलं ते मला पुढे त्यांच्या कचेरीतल्या टायपिस्ट बाईने सांगितलं. ती माझ्याकडे स्कर्ट आखूड करायला आली होती. मुद्दामच आली असावी, कारण स्कर्ट मुळातच आखूड होता. हे दालनात शिरले आणि थेट आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. विभागप्रमुख वर बघून म्हणाले, "तुम्ही कशाला आलात?" यांना वाटलं, साहेब गंमत करतायत. प्रमुख म्हणाले, "अहो, बाई एवढ्याशा आहेत. दिवे तुमच्या उंचीला लावले तर उजेड मागच्या भिंतीवर पडेल. आज टायपिस्ट बाई उभ्या राहतील. तुम्ही घरी जा, रजा समजा." आणि वर असंही म्हणाले म्हणे, "तुमच्या मुलीचं लग्न आहे ना आज?"

म्हणजे सुटका झाली होती. वरच्याने स्वतः दार उघडून दिलं होतं. वेळ होता, बस होती, टॅक्सी होत्या, पाय होते. माणूस पळतच सुटला असता.

हे थांबले. टायपिस्ट बाई सांगत होती, "वहिनी, ते गेलेच नाहीत. मला शिकवत बसले. हात असा नाही, असा. पाढा एवढ्या घाईने नाही म्हणायचा. मला तर एकोणतिसाचा येतही नव्हता, मी बेचा म्हणत होते. तर म्हणाले, बेचा पाढा या पदाला शोभत नाही. मी म्हटलं, साहेब, जा ना तुम्ही, मुलगी वाट बघत असेल. तर म्हणाले, एवढं एकदा नीट होऊ दे." तिने बिचारीने तो पाढा तिथल्या तिथे पाठ केला, यांना घालवायला. पण तोवर प्रमुखांनी तालीम संपवली होती आणि दिवे काढायला माणसं आली होती. हे शेवटचा दिवा काढेपर्यंत रिकाम्या गालिच्याकडे बघत उभे होते.

आम्ही नोंदणी कचेरीच्या बोळकांडीत बाकावर बसलो होतो. समोर आणखी दोनतीन जोडपी, एकाच पंख्याखाली. दर वेळी दार उघडलं की एक जोडपं आत जायचं, आणि मुलगी जिन्याकडे बघायची. जावई तिच्यासाठी पाणी आणायला गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याच्याजवळ दुसरं काही करायला नव्हतं.

आमचं नाव पुकारलं. आत टेबलामागे एक सर्दी झालेला अधिकारी. त्याने आम्हाला मोजलं.

"वधूकडचा दुसरा साक्षीदार?"

"येतायत," मुलगी म्हणाली.

"कोण?"

"माझे वडील."

"कुठे आहेत?"

"राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत," मी म्हटलं. "शपथ घेतायत."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग नाक पुसून म्हणाला, "तुमच्यामागे लोक आहेत, बाई. नंतर माझी जेवणाची सुट्टी. त्यानंतर कचेरी बंद, त्या शपथेमुळेच अर्धी रजा दिलीये सगळ्यांना. ओळखपत्र असलेला कुणीही माणूस चालेल. आणता का?"

एकदा आमच्यामागच्या जोडप्याला आत सोडलं. दुसऱ्यांदाही सोडलं. मग मुलगी उठली. जिना उतरून खाली गेली. आम्हाला घेऊन आलेला टॅक्सीवाला गाडीशी उभा राहून पाव खात होता. वयस्कर माणूस, टक्कल, शर्टाचं एक बटण तुटलेलं. लायसन्स त्याच्या खिशात कायमच. मुलीने त्याला काय सांगितलं ठाऊक नाही. तो पाव कागदात गुंडाळून, हात पँटला पुसत तिच्यामागून वर आला. टेबलाशी येऊन त्याने पेन उचललं आणि थांबला.

"पोरी, नाव काय गं तुझं? साक्ष देतोय तर नाव तरी माहीत असावं."

तिने नाव सांगितलं. मग त्याने जावयाला विचारलं, "सांभाळशील ना रे?" जावई म्हणाला, "हो." त्याने सावकाश सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं. झालं लग्न. माझी सही त्याच्या सहीच्या शेजारी आहे. मला त्या माणसाचं नाव आजही नीट आठवत नाही, पण त्याने माझ्या मुलीला नाव विचारलं हे आठवतं.

आम्ही खाली पायऱ्यांवर आलो तेव्हा समोरून हे येताना दिसले, धापा टाकत, कोटाची बटणं लावलेली. मुलीच्या हातातली फुलं बघून सगळं समजायला हवं होतं. समजलंही असावं. कोट खाली ओढून नीट केला.

"ट्रॅफिक होतं," मग म्हणाले. "शपथेमुळे रस्ते अडवलेत."

माझ्या तोंडात जे आलं होतं ते जर बाहेर पडलं असतं, तर जावयाने मला जन्मात पुन्हा घरी बोलावलं नसतं. पण मुलगी पुढे झाली. "आलात ना बाबा," म्हणाली. "फोटो राहिलाय अजून." आणि तिने यांचा हात धरून पायरीवर वर घेतलं. पोरीचं मन एवढं मोठं कुठून आलं देव जाणे. आमच्या दोघांकडून तर नाही.

नोंदणी कचेरीबाहेर एक फोटोवाला असतोच. त्याने नवरानवरीला मधे उभं केलं, मला एका टोकाला, जावयाच्या बहिणीला दुसऱ्या. मग यांच्याकडे बोट केलं. "साहेब, तुम्ही जरा इथे या, मुलीच्या शेजारी. ऊन डोक्यावर आलंय, उजेड बघून घेतो."

हे गेले. मुलीच्या उजव्या हाताला उभे राहिले. पाठ ताठ, हनुवटी वर, हात पँटच्या शिवणीवर. मुलीने यांच्या कोटाची बाही हळूच धरली. ती हसत होती, सकाळपासून पहिल्यांदा. मी माझ्या टोकावरून बघितलं आणि मला वाटलं, जाऊ दे. उशिरा का होईना, उभे राहिले एकदाचे. खरंच सांगते, माझा राग त्या घटकेला उतरला होता.

फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून बघितलं. यांना थोडं पुढे घेतलं, थोडं मागे घेतलं. कॅमेऱ्याचं भिंग फिरवलं.

"हां, ठीक," तो म्हणाला.

आणि हे बाजूला झाले.

कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. दिवे लावून झाले, आवाज बसवून झाला, की खऱ्या माणसासाठी जागा मोकळी करायची, एवढंच त्या शरीराला माहीत होतं. दोन्ही पाय जुळवून हे मागे सरले आणि पायऱ्या उतरून फोटोवाल्याच्या मागे जाऊन उभे राहिले. बाही पोरीच्या चिमटीतून सुटली. तिचा हात तसाच हवेत राहिला.

"बाबा?"

यांना ऐकू गेलं नाही. हे टॅक्सीवाल्याला खुणावत होते. तो कडेला उभा राहून उरलेला पाव खात होता. "या हो, या. साक्षीदार तुम्ही ना? मग तुमची जागा ती. मुलीच्या शेजारी. जरा सरळ. हनुवटी वर. हां, असंच राहा."

टॅक्सीवाल्याने पाव खिशात घातला. तो बिचारा पायरीवर जाऊन उभा तर राहिला, पण त्याने मान खाली घातली, कारण त्याला कळलं होतं. जावयाला कळलं होतं. फोटोवाल्यालाही कळलं असावं, तो थांबून यांच्याकडे वळून बघत होता. मुलीने आपल्या बापाकडे बघितलं, बराच वेळ. मग तिने हात खाली घेतला आणि टॅक्सीवाल्याचा दंड धरला.

फोटो निघाला.

मी खाली आले आणि यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. या माणसाला देण्यासाठी माझ्या जिभेवर आयुष्यभर कायम काहीतरी तयार असतं. तेव्हा काहीच नव्हतं. मला या माणसाची किळस आली आणि त्याच्यासाठी रडूही आलं, दोन्ही एकदमच, आणि दोन्ही गिळलं. वर पायरीवर पोर जावयाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, तिची नणंद पाठीवरून हात फिरवत होती.

हे माझ्या कानाशी वाकले.

"फोटो चांगला येणार," हळूच म्हणाले. "उजेड अगदी बरोबर होता."